एकशे पंधरावरचा कॉम्प्युटर

आमच्या घरात बल्ब होता, पण त्याचं बटन नव्हतं. बटन पटलाच्या गोठ्यात होतं.

पटील म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. त्यांच्या गोठ्याची मागची भिंत आणि आमच्या घराची पुढची भिंत समोरासमोर. गोठ्यातून एक काळी वायर निघायची, आमच्या छपराच्या कवेलूंवरून यायची आणि आड्याला लोंबणाऱ्या एका बल्बात संपायची. मीटर घ्यायची आमची ऐपत नव्हती. या उपकाराच्या बदल्यात रोवणीच्या दिवसांत आई आधी पटलाच्या धानाच्या बांध्यांमध्ये वाकायची, मग बाकी गावाच्या. पटील जेवून झोपायला गेले की गोठ्यातलं बटन बंद व्हायचं, की आमच्या घरी रात्र झाली. पटलांना लवकर झोपायची चांगली सवय होती.

बाबा राइस मिलमध्ये हमाल होते. संध्याकाळी घरी येत ते कानाच्या भोकापर्यंत कोंड्यानं भरलेले. आई उरल्या वेळात बिड्या वळायची. बिडी वळायला उजेड लागत नाही, बोटांना पान दिसतं. हमालाला झोपायला तर मुळीच लागत नाही. म्हणजे घरात उजेडाची गरज एकट्या मला होती, आणि ज्याची गरज एकट्यालाच असते त्याला घरात चैन म्हणतात.

"काऊन वं, इतकं काय लिवलं हाय त्या पुस्तकात?" आई विचारायची. "दोन वर्सापासून तेच पुस्तक वाचून राह्यली."

"तेच नाही आई, दुसरं आहे."

"दिसते तं तसंच."

तो बल्बही सरळ जळत नसे. पटलांची नाल्यावरची पाण्याची मोटार सुरू झाली की त्याच्यातली तार नुसती लाल व्हायची, विझत आलेल्या बिडीसारखी. मोटार बंद झाली की एकदम झक्क पांढरा उजेड. मला नाल्यापर्यंत जाऊन पाहायची गरज नव्हती. घरात बसून मी सांगू शकायची की पटलाच्या बांधीत आत्ता पाणी चालू आहे की नाही. गावात या विद्येची कोणाला गरज नव्हती, म्हणून मी ती माझ्यापाशीच ठेवली.

मी दहावीत होते त्या वर्षी, एकोणीसशे नव्याण्णव साली, पेपरात रोज यायचं की नवीन साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. आमच्या गावाला काळजी नव्हती. बंद पडायला आमच्याकडे एकही नव्हता.

पुढं मी आमगावहून रेल्वेनं गोंदियाला कॉलेजात गेले आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण न सांगता चालतं ते पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरांत. आमच्यात ओरडून सांगावं लागतं. कॉलेजात प्रॅक्टिकलचा मल्टीमीटर, म्हणजे वीज मोजायचा मीटर, एकच होता. तो काचेच्या कपाटात होता, कपाटाची किल्ली सरांकडे होती आणि सर नागपूरला होते. तीन वर्षं मी त्या मल्टीमीटरचं काचेतून दर्शन घेतलं. हाताळायचं म्हणून शेवटी गोंदियाच्या बाजारातून स्वतःचा एक आणला, पिवळा, चिनी. तो अजून माझ्याकडे आहे.

डिग्री मिळाल्याबरोबर तिचा एक दुसरा मालकही निघाला. पटील लग्नात, तेरवीत, बैलबाजारात, मतदानाच्या रांगेत, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगू लागले, "ते हमालाची पोट्टी हाय ना, ग्रॅज्युएट झाली ते? माह्या लाईटीवर शिकली." ऐकणाऱ्याला वाटावं, परीक्षेला मी बसले पण पेपर त्यांच्या गोठ्यानं लिहिला.

त्याच सुमाराला पटील अध्यक्ष झाले. त्यांनी शिक्षण संस्था काढली. गावाच्या पलीकडच्या टोकाला टिनाच्या छपराची शाळा उभी राहिली, पाचवी ते दहावी, विनाअनुदानित. म्हणजे मुलांना शिक्षण मिळायचं, अध्यक्षांना मान मिळायचा आणि शिक्षकांना आशा मिळायची. अनुदान येईल, मग ऑर्डर मिळेल, मग पगार मिळेल, अशी ती आशा. मी तिथं कॉम्प्युटर शिकवायला लागले. पगार नव्हता, पण हजेरीवर सही रोज करावी लागे. सकाळी ट्यूशन घ्यायची, दुपारी आशा घ्यायची.

आता कॉम्प्युटरबद्दल.

तो नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसानं बाद करून व्हरांड्यात ठेवलेला होता. अध्यक्षांनी तो ओळखीनं मिळवला. पिवळट पांढरं मोठं डबडं, समोर 'टर्बो' नावाचं एक बटन, फ्लॉपीचं तोंड आणि दोन माणसांनी उचलावा असा टीव्ही. गोंदियाच्या दुकानांत तोवर काळे चकचकीत कॉम्प्युटर आले होते. त्यांच्या शेजारी हा आजोबा वाटला असता. आमच्या गावात मात्र तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, धानाच्या तणसावर बसून, नवरीसारखा आला. फीत कापली गेली. खोलीवर 'संगणक कक्ष' असं लिहिलं गेलं. चपला बाहेर काढायच्या, आत अगरबत्ती, वर लाल कापड. मुलांनी दारातून पाहायचं आणि हात जोडायचे. हात लावायचा नाही.

किल्ली बाबूजींकडे. बाबूजी म्हणजे शाळेचे क्लार्क आणि अध्यक्षांचे साळे. दोन्ही पदं ते एकाच वेळी सांभाळत, पण जोर दुसऱ्यावर असे.

"बाबूजी, पोरांना थोडा वेळ हात लावू द्या," मी म्हणायची.

"बाई, शंभर पोट्टे हायत. शंभर हात लागले तं झिजून जाईन ना जी. तुमी थेरी शिकवा."

म्हणून मी थेरी शिकवली. फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढला, अक्षरं लिहिली, आणि मुलं एकेक येऊन फळ्यावर टायपिंग करू लागली. खडू पुसला जाई, मी पुन्हा काढी. दोन वर्षांत माझ्या पोरांची बोटं फळ्यावर अशी पळू लागली की पेटीमास्तरानं पाहत राहावं. फक्त आवाज येत नसे आणि काही उमटत नसे.

दसऱ्याला बाबूजी त्याची पूजा करत. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, विळे, सायकल, सगळ्यांची पूजा होते. कॉम्प्युटरचीही व्हावी, यात मला वावगं वाटलं नाही. पण बाबूजींचा भक्तिभाव जरा ओला होता. हळद-कुंकू पाण्यात कालवून ते कॅबिनेटला पुढून, वरून, मागून लावत. मागं पंख्याची जाळी होती, तिच्यावर तांदूळ वाहत. आमचा जिल्हा धानाचा, अक्षता मोजून वाहायची पद्धत नाही.

असं सगळं यथासांग चाललेलं असताना कॉम्प्युटर जळला. मागून फट्‌ असा आवाज आला, धूर निघाला आणि सडलेल्या मासळीसारखा वास खोलीभर झाला. बाबूजींनी डबडं मोटारसायकलवर बांधून गोंदियाला नेलं. तिथल्या मेकॅनिकनं सांगितलं, पावर सप्लाय उडाला. पावर सप्लाय म्हणजे कॅबिनेटच्या आतली पत्र्याची पेटी. बाहेरची लाईट घेऊन ती कॉम्प्युटरला झेपेल अशी बारीक करून देते. मेकॅनिकनं ती दुरुस्त केली, चालवून दाखवली. गावात आणली, काही दिवस चालली, फट्‌. परत गोंदिया. परत चालू. परत गाव, परत फट्‌.

तीनदा झालं. गोंदियात चालतो, गावात जळतो. गावानं यावर विचार केला नसता तरच नवल. एक मत होतं की नजर लागली, म्हणून दाराला लिंबू-मिरची आली. दुसरं मत होतं की वास्तू चुकली. एक वास्तूवाले बोलावले गेले. त्यांनी टेबल पूर्वेकडे फिरवलं, खिडकी बुजवली आणि सांगितलं की टर्बोचं बटन दक्षिणेला येता कामा नये. कॉम्प्युटर तरीही जळला, पण आता शास्त्रानुसार जळला.

तिसऱ्यांदा अध्यक्षांनी बाबूजींसोबत मला पाठवलं. मेकॅनिक हात जोडून उभा.

"मॅडम, अब ये मेरे पास मत लाना. इसका सप्लाय आजकल मिलता नहीं, कितनी बार जोडूँगा? यहाँ तो मक्खन जैसा चलता है. आपके गाँव में ही कुछ गड़बड़ है."

"काय गडबड आहे?"

"वो आप देखो. हम तो चालू करके देते हैं."

गिऱ्हाईक पुन्हापुन्हा परत येत होतं तोवर त्यालाही कारण शोधायची घाई नव्हती.

नेमक्या याच वेळी अनुदानाची तपासणी जाहीर झाली. साहेब येणार, शाळा पाहणार. चालू स्थितीतला कॉम्प्युटर दिसला पाहिजे, तरच कॉम्प्युटर शिक्षकाची जागा मंजूर. अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. बाबूजी शेजारी बसलेले.

"हे पाय पोरी," अध्यक्ष म्हणाले, "तू ग्रॅज्युएट. माह्या लाईटीवर शिकली. साहेब येईपर्यंत मशीन चालू कर. चालू झाली तं जागेची ऑर्डर तुह्या नावानं. नाई झाली तं आमचा जावई हाय. त्यानंबी कॉम्पुटरचा डिप्लोमा केला."

"त्यांना येतो का कॉम्प्युटर?"

"डिप्लोमा हाय म्हनलं ना."

दोन वर्षं बिनपगारी, आणि आता जागा जावयाची. बॅगेत पावर सप्लाय टाकला आणि घरी आले.

अंगणात चटई टाकून मी पेटीचे स्क्रू काढले. आई समोर बिड्या वळत होती. झाकण उघडताच वास आला तशी तिनं पदर नाकाला लावला.

"मेलं का काही आत?"

मेलं होतं. फ्यूजची काच काळी पडलेली. कॅपॅसिटर म्हणजे आत वीज साठवणारे डबे, त्यातले दोन मोठे, अंगठ्याएवढे, डोक्यावरून फाटलेले. त्यांच्यातला चिकट रस, हे सगळे भाग जिच्यावर बसवतात त्या पाटीवर सांडलेला. वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या चार डायोडांपैकी दोन गेलेले. पिवळा मीटर लावून मी एकेक जागा तपासली. रोग जुनाटपणाचा नव्हता. जुनाटपणानं कॅपॅसिटर हळूहळू सुकतात, असे फटाक्यासारखे फुटत नाहीत. हे जास्त व्होल्टेजनं मेले होते, आणि तीनही वेळा तसेच मेले असणार.

इथंच माझी गाडी अडली. जास्त व्होल्टेज? आमच्या गावात? जिथं ट्यूबलाईट पेटायच्या आधी विचार करते, जिथं पंखा एवढा हळू फिरतो की त्याची पाती मोजता येतात, तिथं जास्त कुठून आलं?

मी पेटी उलटसुलट करून पाहत होते. मागच्या बाजूला पंख्याच्या जाळीशेजारी कुंकवाचा वाळलेला थर होता. गेल्या दसऱ्याचा. नखानं खरवडला तर खाली एक लाल बटन निघालं, पत्र्यात बसवलेलं, सरकवायचं. अशा जुन्या पेट्यांना ते असतं. काही देशांत लाईट एकशे पंधराची असते, आपल्याकडे दोनशे तीसची. देश पाहून बटन लावायचं. हे बटन एकशे पंधरावर होतं.

"आई, कॉम्प्युटर कधी कधी जळला, आठवते का?"

"मले काय मालूम तुहा कंपूटर? पयल्यांदा जळला तं पटलाच्या पोरीचं लगन होतं. आमी समद्या जनी मांडवात भात रांधून राह्यलो होतो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"त्याची मोटार बिघडली होती, गोंदियाले नेली होती. पानी नाई, मनून निंदाले बोलावलं नाई आमाले."

"तिसऱ्यांदा?"

"कापनी सुरू होती ना वं. त्याच दिवशी आपलाबी बल्ब गेला. तूच तं कावली होती."

मी आड्याकडे पाहिलं. लग्नात मोटार बंद. मोटार बिघडली म्हणून बंद. कापणीला पाणी लागत नाही म्हणून बंद. पटलाची मोटार बंद झाली की आमचा बल्ब झक्क पेटतो, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. एकशे पंधरावर ठेवलेल्या पेटीत त्या तिन्ही दिवशी पूर्ण लाईट घुसली होती.

दुसऱ्या दिवशी मी बाबूजींना पेटी दाखवली. "हे बटन कोणी फिरवलं?"

बाबूजींच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. अभिमान होता.

"मी फिरवलं. कायले, काय झालं? तो गोंदियावाला दर वेळी दोनशे तीसवर करून देते. त्याच्या गोंदियात येत असल दोनशे तीस. आपल्या गावात कुठी येते जी? अर्धीच येते. दोनशे तीसवर ठेवला का मशीन चालूच नाई होत. एकशे पंधरावर केला का चालू! मनून आनल्या आनल्या मी पयले हे बटन बरोबर करतो."

हे सांगताना ते थोडे पुढे झुकले. एवढी खोल गोष्ट सगळ्यांना सांगायची नसते, अशा बेतानं.

आणि खरं सांगते, अर्धं बरोबर होतं त्यांचं. मोटार चालू असताना कमी लाईटीवर पेटी दोनशे तीसच्या जागी सुरूच होत नसणार. बाबूजींनी स्वतःच्या डोक्यानं उपाय काढला होता. चूक एवढीच की लाईट दिवसभर अर्धी राहत नाही, आणि ती कोणाच्या मोटारीमुळं अर्धी होते याचा विचार त्या घरात कोणी करत नसे.

मी शहाणी असते तर गप्प बसले असते. पण मी सरळ बोलते.

"बाबूजी, तुमच्या ह्या बटनानंच कॉम्प्युटर तीनदा जळला."

"मने, मी जाळला?"

"हो."

अर्ध्या तासात अध्यक्षांचं बोलावणं.

"माह्या लाईटीवर शिकली आन्‌ माह्याच साळ्याले चोर ठरवून राह्यली?"

"चोर नाही म्हटलं, काका. बटन चुकीचं होतं म्हटलं."

"त्यानं बटन फिरवलं तं मशीन चालू झाली. गावानं पाह्यलं. तू काय केलं आतापावेतो? पेटी उघडून घरी नेली. जावयाले फोन लावू का मी?"

मी घरी आले. आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल.

"बरोबर बोल्ली ना तू?" तिनं विचारलं.

"बरोबरच बोलले."

"मंग? बोल्ल्यानं कंपूटर चालू होते का? जाय, कर चालू."

मी गोंदियाला गेले. मेकॅनिकच्या दुकानामागं मेलेल्या पेट्यांचा पोताभर ढीग होता. "ले जाओ," तो म्हणाला, "पर फटा तो मेरा नाम मत लेना." ढिगातून मी कॅपॅसिटर निवडले, मीटरवर तपासले, तसेच डायोड काढले. घरी येऊन जुने भाग उकलले, पाटी स्पिरिटनं पुसली, पंख्यातल्या अक्षता चिमट्यानं काढल्या. त्यातल्या काहींना किडे लागले होते. आईनं त्या कोंबड्यांना टाकल्या.

तपासायला मी आमच्या आड्याचाच बल्ब उतरवला आणि पेटीच्या वायरीत मध्ये जोडला. पेटीत खोट असेल तर सगळी वीज ओढली जाऊन बल्ब भक्क पेटतो आणि पेटी वाचते. खोट नसेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. पेटीचं बटन दाबलं. बल्ब चमकला, आणि मग हळूच मंदावत गेला, नुसती लाल तार उरली. पेटीचा पंखा फिरू लागला. एवढी वर्षं त्या लाल तारेवर मी चिडत आले होते. त्या दिवशी तिच्याकडे पाहून मी मोठ्यानं हसले. आईला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

आता उरलं लाल बटन. ते दोनशे तीसवर करून उपयोग नव्हता. बाबूजी ते फिरवणारच. चिकटवून टाकलं असतं तर बाबूजींनी पक्कड आणली असती. त्यांना समजावून सांगायचा रस्ता तर मी स्वतःच बंद केला होता. मग मी एकच गोष्ट केली. पेटीच्या आत त्या बटनाला जाणाऱ्या दोन वायरी कापल्या आणि त्यांच्या टोकांना टेप गुंडाळली. पेटी आता कायमची दोनशे तीसची झाली. बटन बाहेर तसंच राहिलं. फिरत होतं, टक्‌ आवाज करत होतं, आणि त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. तशी पदं आमच्या संस्थेत आणखीही होती.

तपासणीच्या दिवशी साहेब उशिरा आले. मुलं उन्हात रांगेत उभी राहून गुलाबाची फुलं सुकवत होती. साहेबांनी फुलं घेतली, पोहे घेतले, मग संगणक कक्षात आले. चपला काढल्या. अध्यक्ष, बाबूजी, मागं मी. बाबूजींनी नारळ ओवाळला, मागं हात घालून लाल बटन टक्‌कन एकशे पंधरावर केलं आणि साहेबांना सांगितलं, "हे सेटिंग करावं लागते साहेब. आपला भाग येगळा हाय."

मी समोरचं बटन दाबलं. पंखा एक गचका खाऊन थांबला. परत दाबलं. परत गचका.

छताकडे पाहिलं. ट्यूबलाईट दोन्ही टोकांना लाल होऊन बसली होती. मला नाल्यापर्यंत जायची गरज नव्हती. उन्हाळी धानाला पाणी चालू होतं.

बाबूजी बटन इकडून तिकडे फिरवू लागले. टक्‌, टक्‌. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बंद आहे का मशीन?"

"चालू हाय साहेब, चालू हाय," अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला जावयाचा चेहरा दिसला.

मी त्यांच्या जवळ गेले. हळू आवाजात बोलले, पण फार हळू नाही.

"काका, तुमची नाल्यावरची मोटार बंद करायला सांगा. गावच्या डीपीवर आकडा टाकून चालू आहे ना, म्हणून इथं लाईट येत नाही."

"हळू बोल!" अध्यक्ष साहेबांकडे पाहत हसले. तारेवर आकडा टाकणं म्हणजे लाईटीची चोरी, आणि साहेब सरकारी. "साहेबाच्या समोर वावराच्या गोष्टी कायले?"

"मग मोठ्यानं सांगू का, मशीन काऊन चालू होत नाही ते?"

"कशाची मोटार म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"काही नाई साहेब, पोट्टी हुशार हाय, जरा बडबड करते. माह्या लाईटीवरच शिकली." मग साळ्याकडे वळून, दात आवळून, "जाय गा, वावरात जाऊन ये. साहेबासाठी... डहाळं आन हरभऱ्याचं."

"आता उनाळ्यात कुठचं डहाळं भाऊजी?"

"जाय मनलं ना!"

बाबूजींना तेवढ्यात उमगलं. मोटारसायकलचा आवाज नाल्याकडे गेला. साहेबांना दुसऱ्यांदा चहा दिला. अध्यक्ष संस्थेच्या भवितव्यावर बोलू लागले. मी ट्यूबलाईटकडे पाहत उभी राहिले. माझी दोन वर्षं त्या काचेच्या नळीत अडकली होती.

ट्यूब एकदा फडफडली. परत फडफडली. मग लख्ख पेटली.

मी बटन दाबलं. पंखा घरघरला, आतून एक बीप आला आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावू लागले. जळका वास आला नाही. मी नाकानं आधी तेच तपासलं.

"चालवून दाखवा," साहेब म्हणाले.

मी दहावीच्या मुलींना आत बोलावलं. बाबूजी तिथं नव्हते, म्हणून हात लावायला कोणी अडवलं नाही. पहिल्या मुलीनं खुर्चीवर बसून शाळेचं, गावाचं, तालुक्याचं नाव इंग्रजीत टाईप केलं, खाली न पाहता. मग हात उचलला आणि मागं वळून मला म्हणाली, "बाई, हे दाबल्यावर आवाज करते!"

"रोज प्रॅक्टिस देता वाटतं," साहेब म्हणाले.

"रोज," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. फळा रोजच होता.

बाबूजी घामाघूम होऊन परतले तेव्हा पडदा चालू होता. त्यांनी धावत मागं जाऊन बटन पाहिलं. साहेबांसमोर फिरवताफिरवता ते शेवटी एकशे पंधरावरच राहिलं होतं. "पाहा!" त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "मनलं होतं ना? आपल्या गावात एकशे पंधरावरच चालते!"

सायंकाळी अध्यक्षांचं भाषण झालं. यशाची कारणं त्यांनी सांगितली. त्यांच्या साळ्याचा लाल बटनाचा सखोल अभ्यास. वास्तूत केलेले बदल. आणि त्यांच्या गोठ्याच्या लाईटीवर शिकून मोठी झालेली एक पोरगी. बाबूजींना शाल दिली, मला नारळ. मी नारळ घरी नेला. आईनं तो फोडून खोबरं वाटलं, भाजी चांगली झाली.

मी कोणाला खरं सांगायला गेले नाही. पुढं कॉम्प्युटरच्या तासाचं टाइमटेबल मी स्वतः बनवलं, पटलाच्या पाण्याच्या पाळ्या पाहून. नाल्यावर मोटार बंद, शाळेत कॉम्प्युटर चालू. हेडमास्तरांनी विचारलं की तास रोज वेगळ्या वेळी का. मी म्हटलं, वास्तू. त्यांनी सही केली. बाबूजी निवृत्त होईस्तोवर दर सकाळी मागं हात घालून बटन टक्‌कन लावत राहिले, आणि एखाद्या दिवशी मोटार चालू असून मशीन सुरू झालं नाही तर म्हणत, "थांबा, सेटिंग हालली असल." मी त्यांना कधी अडवलं नाही. आता त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, थोडी मायाच आहे. त्या गावात लाईट कमी का येते असा प्रश्न पडलेले ते पहिले माणूस होते. उत्तर घरातच सापडणार म्हणून त्यांनी ते तिकडे शोधलं नाही, एवढंच.

अनुदान तुकड्यातुकड्यानं आलं. जागा मंजूर झाली आणि ऑर्डर माझ्या नावानं निघाली. जावयांना दुसऱ्या शाळेत क्रीडाशिक्षक केलं, त्याचाही डिप्लोमा निघाला.

तो कॉम्प्युटर नवीन येईपर्यंत चालला आणि पुन्हा एकदाही जळला नाही. माझी मुलं त्यावर स्वतःच्या बोटांनी टायपिंग शिकली. मी त्या शाळेत कायम झाले. आमच्या घरी आईच्या नावाचं मीटर लागलं, आणि बल्बाचं बटन आता आमच्याच दाराजवळ आहे.